डाव्या हाताचं टेबल

ताई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे मटार सोलत बसले होते. माधवगंजमधलं त्यांचं दोन खोल्यांचं घर, खाली किराण्याचं दुकान आणि वर ताई. ग्वाल्हेरची थंडी त्या आठवड्यात अशी पडली होती की बोटं धड वाकत नव्हती. ताईंनी आमच्या दोघींच्या मधे शेगडी ठेवली होती आणि शेंगांचा ढीग वर्तमानपत्रावर ओतला होता. मी एक शेंग उघडून दाणे काढेपर्यंत त्यांच्या मूठभर शेंगा संपलेल्या असत. डाव्या अंगठ्याने शिवण दाबायची, शेंग टचकन उघडायची, दाणे परातीत. बोलणं चालू, नजर माझ्याकडे आणि हात आपलं काम करतोय. निघताना त्यांनी मला तिळाच्या गजकचा पुडा दिला. फडताळातून तो डाव्या हाताने काढला, उजव्या हातात घेतला आणि मग माझ्यापुढे धरला. मी लग्न होऊन या कुटुंबात आल्यापासून हे बघत आले होते, त्यामुळे तेव्हा त्यात लक्ष देण्यासारखं काही वाटलं नाही. जिन्यापाशी त्यांनी विचारलं, "अरुणचा औषधाचा पंप जागेवर आहे ना?" मी म्हटलं, "आहे, ताई." "मग जा आता. धुकं पडायच्या आत घरी पोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या दुकानदारांचा फोन आला. दूध घ्यायला बहनजी खाली उतरल्या नाहीत, हाक मारली तर उत्तर नाही... अरुण आणि मी पोचलो तेव्हा ताई पांघरुणात होत्या, कुशीवर, झोपेतच गेलेल्या. स्वयंपाकघरात ते मटार डब्यात भरून ठेवलेले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी शांतपणे विचार करते तेव्हा मला या मरणात तक्रार करण्यासारखं काही सापडत नाही. वय झालं होतं, दुखणं काढलं नाही, कुणाला काही करायला लावलं नाही. राहून राहून आठवतात ते त्यांचे हात. त्यांच्याबद्दलच लिहावं असं वाटतंय.

कुमुदताई म्हणजे माझे पती अरुण यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून केली आणि त्यातली बरीचशी वर्षं फक्त छातीच्या शस्त्रक्रियांच्या टेबलापाशी. फुप्फुसावरची शस्त्रक्रिया करण्यासाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागते. त्यासाठी लागणारी सगळी हत्यारं मांडणं आणि सर्जनच्या हातात वेळेवर देणं हे त्यांचं काम होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुस्तकं जागेवर असणं याला मी आयुष्यभर महत्त्व दिलं, पण पुस्तक जागेवर नसलं तर वाचक फार तर चिडतो. ताईंच्या कामात जागा चुकण्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो मला एका सकाळी बाकावर बसून कळला. त्याकडे येते, पण आधी त्यांच्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं.

ताई डावऱ्या होत्या. एरवी यात सांगण्यासारखं काही नाही. पण आमचं दाना ओलीतलं घर पुजाऱ्यांचं. माझे आजेसासरे दरबारच्या देवळात पूजेला होते. तीर्थ, प्रसाद, अक्षता, देणं आणि घेणं सगळं उजव्या हाताने, ही त्या घराची मुळाक्षरं होती. सासूबाई, म्हणजे आई, स्वतःच सांगायच्या की कुमुद लहान असताना जेवायला बसली की तिला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायचे. हात बाहेर आला की आई सांडशी जमिनीवर आपटायच्या. मारलं कधी नाही, पण तो आवाज पुरे व्हायचा. शाळेत लेखणी उजव्या हातात दिली, अक्षर वेडंवाकडं आलं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. अशा रीतीने ताईंनी आयुष्याची एक वाटणी करून घेतली. चारचौघांसमोर जे करायचं ते उजव्याने. आणि जे खरोखर नीट व्हायला हवं ते, कुणी बघत नसताना, डाव्याने.

नर्सिंग शिकून त्या पहिल्यांदा टेबलापाशी उभ्या राहिल्या तेव्हाची गोष्ट त्या फार रंगवून सांगत. डावा हात त्यांनी सवयीने पोटाशी दडवला होता आणि उजव्याने कात्री देत होत्या. कात्री प्रत्येक वेळी जरा उशिरा पोचायची. सर्जन म्हातारे होते, मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, आपका दूसरा हाथ छुट्टी पर गया है क्या?" ताईंनी घाबरून डावा हात बाहेर काढला. पुढची वस्तू त्यांच्या तळहातावर टप्पकन बसली. सर्जननी दोरा बांधला, गाठ मारली आणि एवढंच म्हणाले, "हाँ. यही वाला रखो." ताई म्हणायच्या, "सुधा, मी घरी येताना रस्ताभर त्या हाताकडे बघत आले गं. जसं काही तो कुणी पाहुणा आहे."

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली एक दुपार मला लख्ख आठवते. मला सगळ्याच गोष्टींबद्दल वाचायची खोड, पण छाती उघडतात कशी हे कुठल्या पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. मी ताईंना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्याऐवजी ओट्यावर स्वच्छ पंचा पसरला आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू त्यावर मांडायला सुरुवात केली. सुरी, कात्री, उलथनं, सांडशी, चिमटा, दाभण. "हे उलथनं म्हणजे बरगडीवरचं पातळ आवरण सोलून सुटं करायचं हत्यार. हाडाला चिकटून चालवायचं, खाली घसरलं की रक्तवाहिनी आहे. आणि हा..." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, साजेसं काही सापडेना, मग दोन्ही हातांचे पंजे एकमेकांना पाठीकडून लावून हळूहळू दूर नेले. "हा रिब स्प्रेडर. दोन बरगड्यांच्या मधे बसवायचा आणि दांडी फिरवायची. गाडीचं चाक बदलताना जॅक लावतात ना, तसा. पण सावकाश, फार सावकाश. घाई केली की बरगडी मोडते." मग चिमटा उचलला. "फुप्फुसाला असला चिमटा नाही चालत. ते ताज्या पावासारखं असतं, नुसतं दाबलं तरी वळ उठतो. त्याचा चिमटा निराळा, टोकाशी त्रिकोणी आणि मधे पोकळ, म्हणजे धरतो पण चावत नाही." आणि शेवटी, सगळं झाल्यावर, छातीत कोमट पाणी ओततात आणि फुप्फुस फुगवून बघतात, कुठून हवा सुटत नाही ना. मी म्हटलं, "सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं?" ताई इतक्या खूष झाल्या! "अगदी तसंच! बुडबुडा आला की शिवायचं."

एवढ्यात आई दारात. पंच्यावर मांडलेली आपली सांडशी बघून म्हणाल्या, "कुमुद, तुझा तो दवाखाना माझ्या ओट्यावर नको हं. त्या सांडशीने मला दूध उतरवायचंय."

"आई, सांडशीने अजून कुणाला हात लावलेला नाही. स्वच्छ आहे."

"असेना. आधी धुऊन ठेव. आणि उजव्या हाताने धू!"

ताईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि सांडशी धुतली. डाव्या हाताने.

त्या दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. पंच्याच्या अगदी कडेला, स्वतःच्या डाव्या हाताशी, त्यांनी कपडे वाळत घालायचा एक चिमटा ठेवला होता. बाकी सगळ्या वस्तू ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने होत्या, हा एकटाच वेगळा. मी विचारलं तर म्हणाल्या, "हा मोठ्या रक्तवाहिनीचा क्लॅम्प. देवाच्या दयेने बहुतेक वेळा लागत नाही. पण लागला तर सर्जनचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या हातात असावा लागतो. म्हणून जे लागू नये, ते सगळ्यात जवळ ठेवायचं." आणि मग, "बघून शोधायचं नाही. हात तिथे गेला पाहिजे." हे वाक्य मी तेव्हा कामाच्या खाक्यातलं म्हणून ऐकलं आणि विसरले.

पुढे बरीच वर्षं गेली. अरुणला तरुणपणी क्षय झाला होता, औषधांनी पूर्ण बरा झाला होता. पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी राहून गेली होती आणि त्या पोकळीत बुरशीचा गोळा धरला. हे आम्हाला कळलं ते बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात. अरुणची बँक बाड्यावर होती. संध्याकाळी मी त्याला भेटायला गेले होते, चौकात उभ्या उभ्या तो खोकला आणि रुमाल लाल झाला. आधी मला वाटलं, पान... पण अरुण पान खात नाही. पुढचे काही महिने औषधं, तपासण्या, आणि रक्त पुन्हा पुन्हा. शेवटी सर्जननी सांगितलं की तेवढा भाग काढावा लागेल. "पुराना मामला है, फेफड़ा छाती से चिपका होगा. छुड़ाते समय खून का डर रहता है. लेकिन न करें तो डर उससे ज़्यादा है." हे सर्जन ताईंबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले. ते ताईंकडे वळून म्हणाले, "कुमुद, टेबल पर आप रहेंगी या नहीं, ये आप तय कीजिए. मैं कुछ नहीं कहूँगा."

घरात यावर दुसरा विचारच कुणी केला नव्हता. आई म्हणाल्या, "कुमुद आत आहे म्हटल्यावर मला घोर नाही." ताई जेवत होत्या. घास खाली ठेवून म्हणाल्या, "आई, मी नाही उभी राहणार. कुशवाह उभी राहील." कुशवाह सिस्टर म्हणजे ताईंच्या हाताखाली तयार झालेली त्यांची सहकारी, ताईंच्या रजेच्या दिवसांत टेबल तीच सांभाळायची. आईंचा चेहरा उतरला. "सगळ्या दुनियेच्या पोरांसाठी उभी राहिलीस. आणि सख्ख्या भावाच्या वेळी परकी बाई?"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "तोंड झाकलेलं असतं आई, पण कोण आहे ते मला माहीत असणार. रक्त आलं तर मी हत्याराकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघेन."

"आणि ती कुशवाह नाही बघणार?"

"नाही बघणार. म्हणून तर तिला उभी करते."

आई त्या रात्री ताईंशी बोलल्या नाहीत. मीही मनातून हिरमुसले होते. ताई आत असाव्यात, असं मलाही वाटत होतं... पण मी बोलले नाही. अरुण तेवढा हसला. "ताई बाहेर असली तर बरंच आहे. सुधाजवळ कुणीतरी पाहिजे." ताईंनी एवढं मात्र मागून घेतलं की टेबल त्या मांडतील. सकाळी हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून त्यांनी ते मांडलं, कुशवाह सिस्टरबरोबर एकेक वस्तू आणि कापडाची एकेक घडी मोजून घेतली, आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या. आई घरीच होत्या, देवघरात.

बाकावरचा सुरुवातीचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. मी पुस्तक नेलं होतं, ते मांडीवर उघडं होतं आणि पान उलटत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की शेजारी ताईंचा डावा हात हलतोय. डोळे मिटलेले, पाठ ताठ आणि हात मांडीवरून उचलला जातोय, काहीतरी घेतोय, समोर हवेत ठेवतोय, परत येतोय. पुन्हा. थोडं थांबून पुन्हा. त्या आतलं ऑपरेशन चालवत होत्या. सर्जनचा वेग त्यांना इतका पाठ होता की भिंतीपलीकडे काय चाललं असेल ते त्यांचा हात जाणत होता. मी बघत राहिले. त्यांनी डोळे न उघडता पुटपुटलं, "उलथनं झालं..." माझ्यासाठी त्यांनी ओट्यावरचाच शब्द वापरला होता. मग दोन्ही हात जवळ आले आणि पंजे सावकाश, फार सावकाश दूर गेले. "उघडली छाती. आता ओल्या घड्या लावतात, बरगड्यांच्या कडांना. आता त्या बाजूचं फुप्फुस झोपवलंय, दुसऱ्यावर श्वास चाललाय. घाबरू नकोस." खरं सांगायचं तर तोपर्यंत मी घाबरलेलीच होते, पण त्या हाताकडे बघता बघता भीती पातळ झाली. आत काय होतंय ते माहीत नसण्याचीच भीती जास्त असते. आणि मला आता दिसत होतं.

मग हात बराच वेळ एकाच लयीत हलत राहिला. "सोडवताहेत. चिकटलंय." त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा हात अचानक डावीकडे, बाकाच्या कडेशी गेला. जिथे त्या दुपारी कपड्यांचा चिमटा होता तिथे. नुसती तालीम केली असणार, लागलंच तर असं. पण हात तिथे पोचला आणि तिथेच राहिला. ताईंनी डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"सुधा, मी टेबल माझ्या हाताचं मांडलंय."

मला कळेना. "म्हणजे?"

"डाव्या हाताचं. सवयीने. कुशवाह उजव्या हाताची आहे गं. क्लॅम्प तिच्या भलत्या बाजूला आहे. मागितला तर तिचा हात उजवीकडे जाईल, तिथे सुया आहेत. शोधत बसेल ती..." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "आणि तेवढा वेळ नसतो."

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या उठल्या, जवळजवळ धावतच आतल्या दारापर्यंत गेल्या. मीही मागे. बाहेरच्या कपड्यांत त्यापुढे जायची परवानगी नव्हती, त्यांनाही नाही. दाराशी सामान आणून देणारी नर्स होती. ताईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं, "कुशवाह से बोलो, बड़ा क्लॅम्प बाएँ कोने में है. मैंने उल्टा लगा दिया. ज़रा हाथ खाली हो तब बोलना, बीच में मत टोकना." ती आत गेली. आम्ही दोघी त्या दाराच्या काचेसमोर उभ्या राहिलो. काचेतून काही दिसत नव्हतं, फक्त पांढरा उजेड. ताईंनी माझा हात धरला होता, डाव्या हाताने, आणि मला दुखेल इतका घट्ट.

नर्स परत आली. तोंडावर मास्क, पण डोळे हसत होते. "दीदी, कुशवाह दीदी कह रही हैं, उल्टा कहाँ है? टेबल तो ऐसा ही लगता है. कह रही हैं, मैं तो हमेशा ऐसे ही लगाती हूँ, बाएँ हाथ से ही देती हूँ. आपसे ही तो सीखा है, मुझे सीधा आता ही नहीं."

ताई बाकापर्यंत आल्या, बसल्या. "ती भात उजव्या हाताने खाते," त्या म्हणाल्या, जणू काही कुणाची चूक दाखवावी तसं. "सही उजव्या हाताने करते. माझ्या रजेच्या दिवसांत ती आपल्या हाताचं मांडत असेल, असंच मी धरून चालले होते. कधी विचारलंच नाही." मग त्यांना हसू यायला लागलं. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, सकाळी दोघींनी मिळून मोजलं सगळं. तिलाही काही वेगळं वाटलं नाही आणि मलाही नाही!" त्यानंतर त्यांचे हात हलले नाहीत. मांडीवर एकावर एक ठेवलेले होते. मी विचारलं, "ताई, आता काय चाललं असेल?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? कुशवाह आहे ना आत." आणि मला म्हणाल्या, "चाय घेऊन ये बाई, घसा सुकला."

सर्जन बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि ती कशी हलवली त्यावरूनच मला कळलं. ताईंना म्हणाले, "पानी डाला, एक बुलबुला नहीं आया." मी रडायला लागले. आपल्याला पंक्चरच्या उपमेने एवढं रडू येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मग ते जरा थांबून म्हणाले, "एक जगह फटा था, कुमुद. नस के पास. मैंने 'क्लॅ' कहा और हाथ में था." ताईंनी फक्त विचारलं, "कौन से हाथ से दिया?" सर्जन बुचकळ्यात पडले. "ये मैं कब देखता हूँ? आप लोग देते हैं, मैं लेता हूँ."

संध्याकाळी ताई मला घरी सोडायला आल्या. आईंनी सगळं ऐकून घेतलं, बाकावरचं, दाराशी झालेलं, क्लॅम्पचं. देवापुढे पेढ्यांचा पुडा होता. आईंनी एक पेढा उचलला. ताईंनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. आई म्हणाल्या, "तो नव्हे."

"आई, प्रसाद आहे हा."

"मला कळतं प्रसाद आहे ते. तो हात पुढे कर म्हणते ना!"

ताईंनी डावा हात पुढे केला. आईंनी त्याच्यावर पेढा ठेवला आणि बोटं स्वतः मिटवली. माझ्या सासूबाईंनी घरच्या रीतीला एवढी मुरड मी बघितलेल्या काळात फक्त तेव्हा एकदाच घातली. दुसऱ्या दिवशी ताईंनी डाव्या हाताने वाटी पुढे केली तर आई ओरडल्याच. पण ताई पुढे कितीतरी वेळा मला म्हणाल्या, "तो पेढा मी बराच वेळ खाल्लाच नव्हता. नुसता हातात धरून बसले होते."

अरुण घरी आल्यावर काही महिने ताई आमच्याकडेच राहिल्या. नोकरी सांभाळून स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं, कारण मी दिवसभर अरुणपाशी. त्या काळात ओटा, फळ्या, सगळं त्यांच्या हाताचं झालं. झारे-पळ्या डावीकडे, मिसळणाचा डबा डावीकडे, शेगडीचा लायटर डावीकडे. हिवाळ्यात अरुणला धाप लागते, त्यासाठी तोंडात मारायचा औषधाचा पंप असतो. तो ताईंनी दाराजवळच्या फळीच्या डाव्या कडेला ठेवला, एकटा, जवळ दुसरं काही नाही. पुढे त्या माधवगंजला राहायला गेल्या, पण मी काही हलवलं नाही. मला सवय झाली होती. कुशवाह सिस्टर अरुणला बघायला आल्या होत्या तेव्हा ताईंनी त्यांना बजावलं होतं, "अब अपने हाथ का लगाया कर." त्यांनी उत्तर दिलं होतं, "अब तो यही मेरा हाथ है, दीदी." ताई गेल्यावर त्या भेटायला आल्या. त्याही आता निवृत्त झाल्या आहेत. अरुणजवळ बसल्या, मग मला म्हणाल्या, "मैं नई लड़कियों को सिखाती थी ना, तो पहले दिन एक ही बात पूछती थी, बेटा, काम कौन से हाथ से करती हो?"

गेल्या आठवड्यात आमची सून गौरी आली. मुलाचं लग्न नुकतंच झालं, गौरी इंदूरची. दोन दिवस तिने स्वयंपाक केला आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "आई, घरात लेफ्टी कोण आहे? मतलब, सगळंच उलटं आहे. प्रत्येक चीज घ्यायला माझे हात क्रॉस होतात."

मी सांगितलं, "कोणी नाही." आणि मग तिला ताईंची गोष्ट सांगितली, इथे लिहिली तशीच. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग राहू दे तसंच. मी ॲडजस्ट करेन."

क्षणभर मलाही वाटलं, राहू दे... पण ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही गं. ओट्याशी आता तू उभी राहणार. तुझ्या हाताचं मांड."

ती दुपार तिने त्यात घालवली. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, मधेच तिचं गुणगुणणं. संध्याकाळी आत गेले तर झारे-पळ्या उजवीकडे आल्या होत्या, डबा उजवीकडे, लायटर उजवीकडे. स्वयंपाकघर तिला शोभत होतं. माझाच हात पळी घ्यायला डावीकडे गेला आणि भिंतीला लागला, तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग मी दाराजवळच्या फळीकडे बघितलं. पंप डाव्या कडेला होता, एकटा, पहिल्या जागी.

"हा नाही हलवलास?"

"तो बाबांचा आहे ना," गौरी पोळी लाटता लाटता म्हणाली. "सकाळी बघितलं मी. त्यांना खोकला आला, ते पेपरच वाचत होते, मान वर पण नाही केली. हात सरळ तिथे गेला."

अरुण उजव्या हाताचा आहे. लिहितो, जेवतो, प्रसाद घेतो, सगळं उजव्याने. पंप तेवढा तो डाव्या हाताने घेतो. इतकी वर्षं मी हे रोज बघत होते.